सर्व्हरलाही सांडवा लागतो

तुंगार्लीत जुलै महिन्यात पाऊस शिकवावा लागत नाही. लोणावळ्याला वर्षाकाठी चार हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, आणि त्यातला बराचसा दोन-अडीच महिन्यांत. त्यामुळे इथल्या पोरांना धरण भरणं म्हणजे काय हे पुस्तकाआधी डोळ्यांनी कळतं. भुशी धरण भरलं की पायऱ्यांवरून पाणी वाहतं, गर्दी होते, रस्ते तुंबतात. वळवणचं पाणी घाटाखाली खोपोलीच्या वीजघराकडे जातं, १९१५ पासून जातंय. धरण भरल्याची बातमी इथे आनंदाची असते, कारण जास्तीचं पाणी कुठून जायचं ते बांधणाऱ्याने आधीच ठरवून ठेवलेलं असतं. त्या वाटेला आपण सांडवा म्हणतो.

शाळेच्या सर्व्हरमध्ये जो डेटाबेस असतो त्याला असा सांडवा जन्मतः नसतो. आत येणारं सगळं तो साठवत राहतो. भरत आलाय हे तो ओरडून सांगत नाही, आणि भरला की एकदम थांबतो. हा लेख त्याबद्दल आहे. संगणक शिकवणाऱ्या शिक्षकांसाठी आहेच, पण पालकांनीही वाचावा, कारण त्या डेटाबेसमध्ये जे साठतं त्यातलं बरंचसं त्यांच्या मुलांबद्दलचं असतं.

मूडल हे नाव बहुतेकांना आता माहीत आहे. मार्टिन डूगियामास यांनी ऑस्ट्रेलियात तयार केलेली, २००२ साली पहिली आवृत्ती आलेली, फुकट वापरता येणारी शिकवणीची प्रणाली. लॉकडाऊनमध्ये अनेक शाळा-कॉलेजांनी ती आपापल्या सर्व्हरवर बसवली. गृहपाठ तिथे, चाचणी तिथे, शिक्षकांच्या चर्चा तिथे, पालकांना सूचना तिथेच. एका अर्थी ती शाळेची सामायिक खोली. सगळे तिथे काही ना काही ठेवून जातात आणि आवरायचं कुणाच्याच कामाच्या यादीत नसतं.

मग एके दिवशी काय होतं? चाचणी सुरू असते. साठ मुलं एकदम उत्तरं पाठवायला लागतात आणि पडद्यावर लाल अक्षरांत डेटाबेसमध्ये लिहिता येत नाही असा संदेश येतो. शिक्षक म्हणतात, बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा. आता लॉगिनही होत नाही. मुलं रडकुंडीला येतात आणि कुणीतरी म्हणतं, नेट गेलं. नेट गेलेलं नसतं. डिस्क भरलेली असते.

लॉगिन का होत नाही, हे समजून घेण्यासारखं आहे. लॉगिन म्हणजे नुसतं पासवर्ड तपासणं नव्हे. अमुक जण आत आला, त्याचं सत्र सुरू झालं, अशी नोंद सर्व्हरला लिहावी लागते. इतकंच काय, मुलाने धडा नुसता उघडून पाहिला तरी एक नोंद लिहिली जाते. आपल्याला वाटतं वाचणाऱ्याने काय जागा खाल्ली? सर्व्हरच्या दृष्टीने वाचणं हेसुद्धा लिहिणंच आहे. आपला सगळा हिशेब चुकतो तो इथेच.

आधी मोजा

डिस्क भरली की पहिली सूचना येते, "मोठी डिस्क घ्या." घ्यावीही लागते कधी. पण काय वाढलंय ते न बघता डिस्क वाढवणं म्हणजे टाकी का भरते ते न पाहता दुसरी टाकी बसवणं. नळ तसाच चालू राहतो.

मूडलमध्ये दोन वेगळी कोठारं असतात. एक डेटाबेस, म्हणजे ओळी आणि रकान्यांचे तक्ते. गुण, उत्तरं, चर्चेतले संदेश, नोंदी. दुसरं मूडलडेटा नावाचं फोल्डर. त्यात फाइल्स: पीडीएफ, फोटो, व्हिडिओ, जुन्या कोर्सच्या बॅकअप प्रती. दोन्ही एकाच डिस्कवर असले की एकाचा दोष दुसऱ्यावर जातो. म्हणून पहिला प्रश्न हाच: फुगतंय ते नेमकं काय?

फाइल्सचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घेता येतो. समजा आठवी ते दहावी मिळून ३६० मुलं. प्रत्येकाने आठवड्याला गृहपाठाचे दोन फोटो पाठवले, वर्षातले ३२ आठवडे. झाले २३,०४० फोटो. आजच्या मोबाइलचा फोटो सहज ४ एमबीचा. म्हणजे वर्षाला ९२ जीबी. तोच फोटो स्कॅनर अ‍ॅपमधून काढला तर ३०० केबीत मावतो, अक्षर उलट जास्त स्पष्ट येतं, आणि वर्षाचा आकडा ७ जीबीच्या आत राहतो. वहीचं पान वाचण्यासाठी चार एमबी लागत नाहीत. मुलांना हे एकदा शिकवलं तर तेरा पटींचा फरक पडतो. मी तर म्हणेन की हे संगणकाच्या तासाला शिकवण्याइतकं महत्त्वाचं आहे, फॉन्टचा रंग बदलण्यापेक्षा तर नक्कीच.

इथे मूडलची एक चांगली सोय सांगून टाकतो. एकच सरावपत्रिका तीन तुकड्यांच्या तीन कोर्समध्ये चढवली तरी आत ती एकदाच साठते. फाइलच्या मजकुरावरून एक लांबलचक खूण काढली जाते, खूण तीच आली की मजकूर तोच असं धरलं जातं. म्हणजे शिक्षकांनी तेच पीडीएफ पुन्हा पुन्हा चढवल्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते जरा बदल करून चढवल्याने. शीर्षकातलं वर्ष बदललं, की खूण बदलली, की नवी प्रत.

फाइल्समध्ये आणखी एक लपलेला ढीग असतो. जून आला की शिक्षक मागच्या वर्षीच्या कोर्सचा बॅकअप घेतात आणि त्यातून नवा कोर्स उभा करतात. ती बॅकअप फाइल काम झाल्यावर तिथेच पडून राहते. मुलांच्या कामासकट बॅकअप घेतला असेल तर ती बरीच मोठी असते. पाच वर्षांत पाच शिक्षकांच्या पंचवीस. कुणी पाहत नाही, कारण त्या शिक्षकाच्या खासगी बॅकअप विभागात असतात.

नोंदवहीची वही

आता डेटाबेस. सर्व्हर सांभाळणाऱ्याला सांगून पीएचपीमायअ‍ॅडमिनमध्ये तक्त्यांची यादी आकारानुसार लावून घ्या. बहुतेक ठिकाणी सर्वांत वर एकच नाव दिसेल: लॉगस्टोअर स्टँडर्ड लॉग. कुणी, केव्हा, कुठल्या संगणकावरून, काय उघडलं याची रोजनिशी.

पुन्हा फळ्यावर. ३६० मुलं, प्रत्येकाच्या दिवसाला ४० नोंदी. जास्त वाटतात, पण चाचणीच्या एकेका पानाची, गृहपाठाच्या एकेका भेटीची नोंद धरली तर होतात. दिवसाला १४,४००. शाळेचे २२० दिवस धरले तर वर्षाला ३१ लाख ६८ हजार ओळी. एका ओळीला तिच्या अनुक्रमणिकेसकट ४०० बाइट धरू. वर्षाला सव्वा जीबी. आठ वर्षं काहीच काढलं नाही तर अडीच कोटी ओळी आणि १० जीबी.

आता दुसरी बाजू बघा. याच ३६० मुलांचे सात विषयांच्या सहा चाचण्यांचे गुण म्हणजे वर्षाला १५,१२० नोंदी. एका गुणामागे २१० लॉगच्या ओळी! ज्यासाठी प्रणाली बसवली ते एक, आणि त्याच्याभोवती जमा होणारं दोनशे दहा. वर्गात हा आकडा काढायला लावा. मुलं आधी म्हणतात, सर, गणित चुकलं.

आणि १० जीबीत घाबरण्यासारखं काय, असं कुणी म्हणेल. थांबा. शहाणा सर्व्हर-चालक रोज रात्री डेटाबेसची प्रत घेतो आणि आठवड्याच्या सात प्रती ठेवतो. न दाबता ठेवल्या तर १० चे मूळ धरून ८० झाले. प्रत घ्यायला लागणारा वेळही वाढतो. रात्री दहा मिनिटांत होणारं काम तास-दीड तास चालतं आणि मग कुणीतरी वैतागून बॅकअपच बंद करतं. हे मला डिस्क भरण्यापेक्षा जास्त धोक्याचं वाटतं. नको ते साठवण्याच्या भाराने हवं ते जपण्याची सवयच मोडते.

हे का होतं? कारण मूडलमध्ये स्टँडर्ड लॉगची मुदत सुरुवातीला "कधीही पुसू नका" अशीच लावलेली असते. बनवणाऱ्यांची भूमिका बरोबरच आहे. दुसऱ्याच्या नोंदी आपणहून पुसणं बरं नव्हे, ज्याचं त्याने ठरवावं. पण ज्याचं त्याने कधी ठरवलंच नाही तर?

अशीच न संपणारी आणखी एक वही गुणांच्या इतिहासाची असते. प्रत्येक गुण किती वेळा बदलला, कुणी बदलला. तिचीही मुदत सुरुवातीला अमर्याद. पण ही वही पुसताना मी दहा वेळा विचार करीन. गुणांवरून वाद झाला तर तीच कामाला येते.

विकिपीडिया काहीच पुसत नाही, असं वाटतं

इथे हमखास एक शंका येते. मराठी विकिपीडिया १ मे २००३ पासून चालू आहे, प्रत्येक लेखाची प्रत्येक जुनी आवृत्ती तिथे दिसते. त्यांचा डेटाबेस कसा फुटत नाही?

शंका चांगली आहे, कारण तिथे वाढ आपल्यापेक्षा वाईट असायला हवी. मीडियाविकी या प्रणालीत एक स्वल्पविराम दुरुस्त केला तरी लेखाची पूर्ण नवी प्रत साठते. फक्त फरक नाही, संपूर्ण मजकूर. लेख मोठा असेल आणि त्यावर दोनशे जणांनी हात फिरवला असेल तर तोच मजकूर दोनशे वेळा. पण या दोनशे प्रती एकमेकींसारख्याच असतात ना? म्हणून त्या एकत्र गठ्ठा बांधून दाबल्या तर फारच थोड्या जागेत बसतात. शिवाय त्यांचा मजकूर मुख्य डेटाबेसमध्ये न ठेवता वेगळ्या साठ्यात ठेवतात. मुख्य डेटाबेसमध्ये राहतो तो पत्ता. रोज लागणारं हाताशी, क्वचित लागणारं माळ्यावर, पण माळ्यावर कुठे आहे याची चिठ्ठी हाताशी. आपली आजी लोणच्याच्या बरण्यांबाबत वेगळं काय करायची?

पण खरी शिकण्यासारखी गोष्ट पुढे आहे. विकिपीडिया सगळंच ठेवत नाही. "अलीकडील बदल" हा तक्ता ठरावीक दिवसांपुरताच असतो. संपादन कुठल्या आयपी पत्त्यावरून झालं याची तपासनीसांसाठी ठेवलेली गुप्त नोंदही सुमारे ९० दिवसांनी पुसली जाते. लेखाचा इतिहास कायमचा, संपादकाच्या मागावरची नोंद तीन महिन्यांची. म्हणजे तिथे कुणीतरी बसून दोन ढीग केले: समाजाच्या उपयोगाचं आणि माणसाला त्रासदायक ठरू शकेल असं. जागेचा प्रश्न आणि माणसाच्या खासगीपणाचा प्रश्न, दोन्ही एकाच निर्णयाने सुटले.

आपल्या मुलांचा लॉग यातल्या कुठल्या ढिगात जातो, पालकांनीच सांगावं. सातवीतली मुलगी तीन वर्षांपूर्वी रात्री पावणेबाराला गणिताचा धडा कितव्यांदा उघडून बसली होती, ही माहिती आज शाळेकडे कशाला हवी? त्या आठवड्यात हवी होती. तेव्हा ती वर्गशिक्षकांनी बघितली असती तर मुलीला मदत झाली असती. आता ती फक्त पडून आहे, आणि सर्व्हर कुणी फोडला तर चोराच्या हाती लागेल. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात अठरा वर्षांखालची व्यक्ती म्हणजे बालक, तिच्या माहितीसाठी पालकांची संमती, आणि हेतू संपला की माहिती पुसणं, अशी दिशा स्पष्ट आहे. म्हणजे न पुसणं ही आता नुसती आळसाची बाब राहिलेली नाही.

कागदाच्या काळात हे सुटलं होतं

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. सरकारी कार्यालयांत कागद असेच वाढत होते. त्यावरची जुनी पद्धत आजही चालू आहे: प्रत्येक कागदाला अ, ब, क, ड असा वर्ग द्यायचा. अ म्हणजे कायम ठेवायचा. ब म्हणजे तीस वर्षं. क त्याहून कमी. ड म्हणजे वर्षभरात नष्ट करायचा. आणि कारकुनाच्या टेबलावर सहा गठ्ठे: चालू प्रकरणं, उत्तराची वाट पाहणारी, नियतकालिक विवरणं, स्थायी आदेश, अभिलेखकक्षात पाठवायचे कागद, आणि ड वर्गाचे नष्ट करायचे कागद. यातलं मर्म सहाव्या गठ्ठ्यात आहे असं मला वाटतं. नष्ट करायच्या कागदांनाही टेबलावर हक्काची जागा. म्हणजे फेकणं ही गोष्ट साफसफाईच्या लहरीवर सोडलेली नाही, ते रोजचं काम आहे.

१९८०च्या दशकात अहमदनगरचे (आताचं अहिल्यानगर) जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी आपल्या कचेरीत हे काम मनावर घेतलं. वर्षानुवर्षांच्या कागदांची वर्गवारी, नको त्यांची विल्हेवाट, हव्या त्यांची सापडेल अशी मांडणी. पुढे "लखिना पॅटर्न" हा शब्दच मराठी प्रशासनात रूढ झाला. त्यांनी नवे नियम शोधले म्हणून नव्हे. होते तेच नियम खरोखर पाळले तर काय होतं ते दिसलं म्हणून.

आता याची दुसरी बाजू. २०२३ साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. तेव्हा शाळांची जुनी जनरल रजिस्टरं कपाटांतून बाहेर निघाली. काही मोडी लिपीतली, काहींची पानं हात लावताच तुटणारी. जातीच्या दाखल्यासाठी १९६७ च्या किंवा १९६१ च्या आधीचा पुरावा शोधत आजोबांच्या शाळेत येणारे लोक आपण सगळ्यांनी पाहिलेत. एका ओळीवर नातवाचा प्रवेश अडलेला असतो. ज्या मुख्याध्यापकांनी सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी ते रजिस्टर अ वर्गाचं म्हणून जपलं, त्यांना हे पुढे कशासाठी लागणार आहे याची कल्पनाही नसणार.

म्हणून "सर्व्हर भरलाय, जुनं सगळं उडवा" असं जो म्हणतो त्याला आधी चहा द्या आणि बसवून ठेवा. घाईने उडवलेल्या ओळींत एखादं जनरल रजिस्टर असू शकतं. आणि "कशालाच हात लावू नका" म्हणणाऱ्यालाही बसवा. त्याच्यामुळेच मुलांची चाचणी बुडते.

शिक्षकखोलीत ठरवायचं

हा निर्णय संगणकवाल्या सरांवर एकट्यावर टाकू नये. त्यांना कुठला तक्ता मोठा आहे हे कळतं. कुठली नोंद महत्त्वाची आहे हे वर्गशिक्षक, परीक्षाप्रमुख आणि कार्यालयातले लिपिक यांना कळतं. एक तासाची बैठक पुरते. अ, ब, क, ड हेच वर्ग घ्या, सगळ्यांना ओळखीचे आहेत.

माझ्या मते वाटणी साधारण अशी पडते. वार्षिक निकाल, प्रवेशाची माहिती हे अ. ते मूडलमध्ये असलंच पाहिजे असं नाही. वर्षअखेर छापून, सही-शिक्क्यानिशी कपाटात आणि एक प्रत वेगळ्या डिस्कवर. सर्व्हर हे कायमच्या जतनाचं ठिकाण नव्हेच. मुलांच्या चाचणीतली उत्तरं आणि गुणांचा इतिहास ती तुकडी शाळा सोडून जाईपर्यंत, वर एखादं वर्ष. गृहपाठाचे फोटो पुढच्या इयत्तेचं पहिलं सत्र संपेपर्यंत, आणि काढण्यापूर्वी मुलांना पंधरा दिवसांची सूचना. एखाद्याने चितारलेला नकाशा त्याला हवा असतो. लॉग मात्र ड. चालू वर्ष धरून ३६५ दिवस, फार झालं. काही शाळा १८० दिवसही पुरेसे मानतील, मला त्यात काही वावगं दिसत नाही.

एक अपवाद बैठकीतच लिहून ठेवा. एखाद्या चाचणीबद्दल तक्रार चालू असेल, कॉपीचा संशय असेल, पालकांचा अर्ज आलेला असेल, तर त्या चाचणीच्या लॉगच्या ओळी आधी वेगळ्या काढून मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्यायच्या. प्रकरण मिटेपर्यंत त्या पुसायच्या नाहीत. लॉग गेला तरी गुण, उत्तरं, जमा केलेलं काम जात नाही. ते दुसऱ्या तक्त्यांत असतं. पण कोण केव्हा आत होतं हे फक्त लॉगच सांगतो.

प्रत्यक्ष काम

काम मे महिन्याच्या सुट्टीत करा, परीक्षेच्या आदल्या दिवशी नको. आधी पूर्ण बॅकअप, डेटाबेस आणि मूडलडेटा दोन्हीचा, आणि तो दुसऱ्या डिस्कवर. एवढ्यावर थांबू नका. तो बॅकअप दुसऱ्या एखाद्या संगणकावर उघडून पाहा. न उघडून पाहिलेला बॅकअप म्हणजे न मोजलेली नाण्यांची पिशवी. वर्षभर रोज बॅकअप घेतला आणि उघडायच्या दिवशी फाइल रिकामी निघाली, हे घडतं.

मग साइट अ‍ॅडमिनिस्ट्रेशनमध्ये प्लगइन्स, तिथे लॉगिंग, तिथे स्टँडर्ड लॉग. नोंदी किती दिवस ठेवायच्या तो पर्याय निवडा. यानंतर लगेच काही होत नाही, घाबरू नका. पुसण्याचं काम क्रॉन नावाची वेळेवर चालणारी व्यवस्था करते, आणि तेही एका फेरीत थोडा वेळच. आठ वर्षांचा ढीग असेल तर संपायला बरेच दिवस लागतात. हे मुद्दाम तसं केलेलं आहे, एकदम कोटभर ओळी पुसायला घेतल्या तर सर्व्हर तिथेच अडकून बसेल. क्रॉन चालतोय ना हे मात्र तपासा. पुष्कळ ठिकाणी तो महिनोन्महिने बंद असतो. मग ना लॉग पुसला जातो, ना टोपलीतल्या फाइल्स. कोर्समधून काढून टाकलेली वस्तू मूडलच्या रीसायकल बिनमध्ये सुरुवातीच्या मांडणीनुसार आठवडाभर राहते आणि मग क्रॉन ती खरोखर काढतो. क्रॉन नाही म्हणजे सफाई कामगारच रजेवर.

आता सगळ्यांना फसवणारी गोष्ट. लॉगच्या दोन कोटी ओळी गेल्या, आणि डिस्कवर पाहिलं तर जागा तेवढीच! पुसलं की नाही? पुसलं. पण मायएसक्यूएलमध्ये ओळ पुसली की तिची जागा त्या तक्त्याच्या फाइलच्या आतच मोकळी होते, फाइल लहान होत नाही. वहीतल्या ओळी खोडरबरने पुसल्या म्हणून वहीची पानं कमी होतात का? पुढचं लिखाण त्या कोऱ्या ओळींवर होईल, एवढंच. बऱ्याच वेळा एवढं पुरेसंही असतं. फाइल १० जीबीची राहिली तरी पुढे वाढत नाही, आणि रोजची प्रत मात्र लगेच लहान होते, कारण तिच्यात फक्त उरलेल्या ओळी जातात.

फाइलही लहान हवी असेल तर ऑप्टिमाइझ टेबल ही आज्ञा आहे. ती उरलेल्या ओळी नव्या फाइलीत उतरवून घेते आणि जुनी फाइल टाकून देते. म्हणजे काम चालू असताना नवी आणि जुनी दोन्ही लागतात, आणि उरलेल्या ओळींपुरती मोकळी जागा आधीच हाताशी असावी लागते. डिस्क ९८ टक्के भरल्यावर ही आज्ञा द्यायला जाणं म्हणजे खचाखच भरलेल्या खोलीत कपाट हलवायला जाणं. आधी जुन्या बॅकअप फाइल्स दुसरीकडे हलवून जागा करा.

मायएसक्यूएलची ८.० किंवा पुढची आवृत्ती असेल तर आणखी एक कोपरा पाहा. तिथे बायनरी लॉग आपोआप चालू असतो. डेटाबेसमध्ये झालेला प्रत्येक बदल त्यात पुन्हा लिहिला जातो आणि सुरुवातीच्या मांडणीनुसार तीस दिवस राहतो. म्हणजे तुम्ही दोन कोटी ओळी पुसल्या की त्या पुसल्याचीही नोंद तिथे होते. पुसताना डिस्क आणखी भरली, असं विचित्र दृश्य दिसतं ते यामुळे. एकच सर्व्हर असलेल्या शाळेला तीस दिवस लागत नाहीत, आठवडा पुष्कळ झाला. हे मात्र जाणकाराकडूनच करून घ्या. आणि कुणीही सांगितलं तरी फोल्डरमध्ये जाऊन डेटाबेसच्या फाइल्स हाताने उडवू नका. तिथून परतीचा रस्ता नसतो.

"आम्ही सगळं गूगलवर ठेवतो, आमचा प्रश्न नाही," असं म्हणणाऱ्या शाळांसाठी दोन ओळी. शिक्षणसंस्थांसाठीची अमर्याद जागा गूगलने बंद करायचं २०२१ मध्ये जाहीर केलं आणि २०२२ पासून प्रत्येक संस्थेला सगळ्यांत मिळून १०० टीबीची मर्यादा लागू केली. शाळेला ती पुष्कळ आहे, मोठ्या विद्यापीठाला नाही. पण वर्गवारी न करता ढीग करण्याची सवय तिथेही तीच, आणि मुलांच्या माहितीचा प्रश्न तर जसाच्या तसा.

वर्गात करून पाहण्यासाठी

आठवी-नववीला हा धडा दोन तासांत होतो. पहिल्या तासाला शाळेच्या सर्व्हरवरून दर महिन्याच्या एक तारखेचा डेटाबेसचा आकार घ्या (सर्व्हर नसेल तर आपापल्या घरच्या मोबाइलमधल्या व्हॉट्सअ‍ॅपची जागा चालेल, सेटिंगमध्ये दिसते) आणि मुलांना आलेख काढायला लावा. रेषा सरळ चढतेय की वक्र? परीक्षेच्या महिन्यात उडी आहे का? याच रेषेने डिस्क कधी भरेल ती तारीख काढायला सांगा. मुलं तारीख काढतात तेव्हा खोली शांत होते, कारण ती बहुधा त्यांच्या दहावीच्या आधीचीच निघते.

दुसऱ्या तासाला प्रत्येक गटाला वीस चिठ्ठ्या द्या. प्रत्येकीवर एकेक नोंद: वार्षिक निकाल, सहलीचा फोटो, कुणी कधी लॉगिन केलं, वैद्यकीय तपासणी, चर्चेतला भांडणाचा संदेश, शाळा सोडल्याचा दाखला, गृहपाठाचं पान. त्या अ, ब, क, ड मध्ये लावायच्या आणि का ते सांगायचं. भांडणाच्या संदेशावर गटांचं एकमत होत नाही. ज्याने लिहिला तो ड म्हणतो, ज्याच्याबद्दल लिहिला तो निदान क तरी म्हणतो. तिथे शिक्षकाने उत्तर देऊ नये. तास संपला तरी चालेल.

महिन्याच्या आकाराचा तो तक्ता मात्र वर्गाच्या भिंतीवर लावून ठेवा. दर महिन्याची एक तारीख ज्या मुलाची पाळी असेल त्याने आकडा लिहायचा. डिस्कची सत्तर टक्क्यांची रेषा लाल पेनने आधीच आखून द्या, आणि ती ओलांडली की मुख्याध्यापकांना जाऊन सांगायचं काम त्याचंच.